लॅपटॉपला जोडलेला टीव्ही मध्येच काळा होतो, लुकलुकतो – टीव्ही गेला की केबल?

दादरकर

नमस्कार मंडळी. घरून काम करताना लॅपटॉपच्या १५ इंची पडद्यावर एक्सेलच्या लांबलचक शीट बघून डोळ्यांचं भजं झालं, म्हणून हॉलमधला ४३ इंची ४के टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरायला लागलो. लॅपटॉपला एचडीएमआय (चित्र-आवाज टीव्हीला पाठवायचा पोर्ट) नाही. यूएसबी-सी पोर्टला एक हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी), हबातून एचडीएमआय केबल, ती टीव्हीला. केबल पाच मीटरची आहे. पूर्वी सेट-टॉप बॉक्ससाठी केसिंग-पट्टीतून दारावरून फिरवली होती, तीच वळवून घेतली.

त्रास असा, की मध्येच चित्र गायब होतं. एक-दोन सेकंद पूर्ण काळं, मग आपोआप परत. कधी तासभर काही नाही, कधी लागोपाठ. काळं होण्याआधी कधीकधी पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात. आणि हसू नका, पण स्वयंपाकघरात मिक्सर लावला की हमखास जातं. मीटिंग चालू असताना चटणी वाटायला घरात बंदी घातली आहे, त्यावरून वातावरण तंग आहे.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट केला, फरक नाही. जवळच्या दुरुस्तीवाल्याने टीव्ही न बघताच "पॅनल गेलं, नवा घ्या" असं फोनवर सांगितलं. वॉरंटी संपली आहे. खरंच टीव्ही बदलावा लागेल का?

मुलुंड_लोकल

+१. माझाही टीव्ही लॅपटॉपला लावला की लुकलुकतो, पण काळा होत नाही. उजेड कमी-जास्त होत राहतो. पांढरी खिडकी उघडली की भगभगीत, काळी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडली की हळूहळू मंद.

खटपट्या

दादरकर, फोनवरून पॅनल तपासणाऱ्याला नमस्कार सांगा. टीव्ही बदलायची घाई नको.

आधी एक चाचणी करा, पैसे लागत नाहीत. चित्र लुकलुकत असताना टीव्हीच्या रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा आणि मेनू उघडाच ठेवा. मेनू टीव्ही स्वतः काढतो, त्याचा लॅपटॉपशी संबंध नाही. मागचं चित्र गेलं तरी मेनू शांत उभा असेल तर टीव्हीचं पॅनल (पडदा), त्यामागून उजेड देणारा बॅकलाइट, पॉवर सप्लाय सगळं ठणठणीत आहे आणि दोष येणाऱ्या सिग्नलमध्ये आहे. मेनूही चित्राबरोबर लुकलुकला तर दोष टीव्हीच्या पोटात. निम्मे वाद इथेच मिटतात.

मेनू शांत राहिला तर पुढची चाचणी विंडोजवर: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. सगळा पडदा लुकलुकतोय पण टास्क मॅनेजर स्थिर आहे, असं असेल तर एखादं ॲप गडबड करतंय. टास्क मॅनेजरही लुकलुकला तर ड्रायव्हरकडे संशय. ही मायक्रोसॉफ्टचीच सांगितलेली खूण आहे. पण पूर्ण काळं होऊन परत येणं आणि पांढरे ठिपके, हे ॲपचं काम वाटत नाही. माझा संशय केबल आणि हबवर.

मुलुंड_लोकल, तुमचं दुखणं वेगळं आहे, त्यावर नंतर लिहितो.

रविवारची_झोप

इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये पॅनल सेल्फ रिफ्रेश नावाचा पर्याय असतो, तो बंद करा. माझ्या लॅपटॉपचं लुकलुकणं त्यानेच थांबलं.

खटपट्या

ते लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यासाठी असतं, बॅटरी वाचवायला. बाहेर जोडलेल्या टीव्हीवर त्याचा परिणाम नाही. तुमचा लॅपटॉपचाच पडदा लुकलुकत होता ना?

रविवारची_झोप

हो, लॅपटॉपचाच. बरं, मग राहू दे.

पेंग्विन_प्रेमी

लिनक्स टाका, सगळे प्रश्न सुटतील.

तारतम्य

आणि मिक्सर? त्यालाही लिनक्स टाकायचं का?

दादरकर, तुमचा प्रश्न मला आकड्यांचा वाटतो. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके. ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर एचडीएमआयच्या तारेतून जवळजवळ १८ गिगाबिट प्रतिसेकंद वाहतात (हिशोब करायची हौस असेल तर नेमके १७.८२). तेच ४के ३० हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला ३० वेळा) बरोबर निम्मं, ८.९ च्या आसपास. आणि फुल एचडी ६० हर्ट्झला ४.५ सुद्धा नाही. तुमची जुनी केबल सेट-टॉप बॉक्ससाठी घेतलेली, म्हणजे तिने आयुष्यभर फुल एचडीच वाहिलं. तिच्याकडून आता चौपट काम मागताय, तेही पाच मीटर लांबीवर.

अशी केबल पूर्ण बंद पडत नाही, हाच घोळ असतो. काठावर चालते. थोडे बिट चुकले तर पांढरे ठिपके दिसतात, जास्त चुकले तर टीव्हीचा सिग्नलवरचा ताबाच सुटतो, पडदा काळा होतो, आणि पुन्हा जुळवून घ्यायला त्याला सेकंद-दोन सेकंद लागतात. तुम्ही लिहिलेलं लक्षण तंतोतंत हेच. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रशच्या ठिणग्या उडतात, त्यांचा गोंगाट विजेच्या लाइनीत आणि हवेत पसरतो. सशक्त सिग्नल तो पचवतो, काठावरचा कोसळतो.

करून बघा: सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे टीव्ही निवडा आणि रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नवं होतं तो आकडा) ६० वरून ३० करा. काळं होणं थांबलं तर चोर सापडला. कायम ३० वर राहू नका, माउस बैलगाडीसारखा ओढावा लागतो.

आणि हब कुठला आहे? खोक्यावर ४के पुढे किती हर्ट्झ लिहिलंय ते सांगा.

दादरकर

मेनूची चाचणी केली. मेनू ढिम्म हलला नाही, मागचं चित्र मात्र गेलं आणि आलं. टास्क मॅनेजरसकट सगळंच काळं झालं. टीव्ही वाचला म्हणायचा.

३० हर्ट्झवर सकाळपासून एकदाही गेलं नाही. पण माउस खरंच बैलगाडी. हबच्या खोक्यावर "४के ६० हर्ट्झ" लिहिलंय. त्यावर दोन यूएसबी, कार्ड रीडर आणि चार्जिंगची जागाही आहे. चार्जर त्यातूनच लावतो. हब चांगलाच तापतो.

तारतम्य

मग हब कागदावर तरी बरा आहे. हे इतरांसाठीही लिहून ठेवतो, कारण बाजारात फसगत इथेच होते. यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान अशा चार जोड्या असतात. त्यातून टीव्हीसाठी डिस्प्लेपोर्टचा सिग्नल जातो आणि हबातली चिप त्याचं एचडीएमआय करते. हबवर वेगवान यूएसबी पोर्टही द्यायचे असतील तर दोन जोड्या त्यांना, उरलेल्या दोनच चित्राला. जुन्या पिढीच्या लॅपटॉपला त्या दोन जोड्यांत ४के ३० च्या पुढे जाता येत नाही. नव्या पिढीत तेवढ्यातही ६० बसतं, पण लॅपटॉप आणि हब दोघंही तसे हवेत. म्हणून खोक्यावर नुसतं "४के सपोर्ट" लिहिलेला हब घेऊ नये, हर्ट्झचा आकडा बघावा. आणि लॅपटॉपच्या सी पोर्टमधून चित्र निघतं का, हेही बघावं. काही पोर्ट फक्त डेटा आणि चार्जिंगचे असतात.

दादरकर, एक दिवस चार्जर हबातून न लावता, लॅपटॉपला दुसरा सी पोर्ट असेल तर त्यात लावा. हबावरचा ताप कमी होईल.

सोल्डरिंग_काका

मी जरा वेगळ्या बाजूने विचारतो. दादरकर, चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून हलकेच बोट फिरवलं तर झिणझिण्या येतात का? किंवा एचडीएमआयची पिन टीव्हीत घालताना बारीक ठिणगी?

दादरकर

काका, तुम्ही घरी येऊन गेलात का? झिणझिण्या येतात. अनवाणी असलो की जास्त. मला वाटायचं लॅपटॉपच तसा आहे.

सोल्डरिंग_काका

लॅपटॉपचा दोष नाही. दोन पिनांच्या चार्जरमध्ये गोंगाट अडवायला एक छोटा कपॅसिटर असतो, तो मेनच्या (भिंतीतल्या विजेच्या) बाजूपासून बाहेरच्या बाजूला जोडलेला. त्यामुळे लॅपटॉपचं अंग जमिनीच्या तुलनेत मेनच्या निम्म्या व्होल्टेजपर्यंत तरंगतं. करंट अगदी किरकोळ, माणसाला धोका नाही, पण झिणझिण्या कळतात. तीन पिनांचा चार्जर असेल आणि सॉकेटला खरं अर्थिंग असेल तर तो करंट जमिनीत निघून जातो. जुन्या इमारतीत सॉकेटला तीन भोकं दिसतात, आत तिसऱ्याला तार असेलच असं नाही.

आता टीव्हीची बाजू बघा. टीव्हीही बहुतेक दोन पिनांचा. पण त्याला सेट-टॉप बॉक्स जोडला आहे आणि बॉक्सला केबलवाल्याची जाड काळी तार. ती तार गच्चीवरून, शेजारच्या इमारतीवरून येते आणि तिचं अर्थिंग भलत्याच ठिकाणी असतं. म्हणजे एचडीएमआयच्या एका टोकाला तरंगणारा लॅपटॉप आणि दुसऱ्या टोकाला दूरवरचं अर्थिंग. मधला फरक तुमच्या एचडीएमआयच्या शील्डमधून (गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या आवरणातून) वाहतो. केबल दमदार असेल तर चालून जातं. काठावरची असेल तर मिक्सर, फ्रिज, पंप, कशानेही टिचकी बसते.

तपासायला सोपं आहे: ६० हर्ट्झवर परत या, चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवा, आणि सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची पिन काढून ठेवा. मग घरच्यांना मिक्सर लावायला सांगा.

अर्थिंग स्वतः उचकटू नका, वायरमनला बोलवा. आणि पिना जोडताना आधी एचडीएमआय, मग चार्जर आणि टीव्हीचा प्लग. अशा घरात चालू स्थितीत एचडीएमआय घालण्या-काढण्यामुळे पोर्ट जळलेले मी टेबलावर पुष्कळ बघितले.

रविवारची_झोप

आमच्या ऑफिसात खुर्चीवरून उठलं की मॉनिटर काळा व्हायचा. सगळे म्हणायचे भूत आहे.

सोल्डरिंग_काका

भूत नाही, गॅसवर वर-खाली होणारी खुर्ची. उठताना-बसताना त्या दांड्यात स्थिर विद्युत साठून सुटते आणि जवळच्या केबलला तिचा धक्का बसतो. खरंच घडतं हे. केबल चांगल्या शील्डची घेतली की भूत उतरतं.

मुलुंड_लोकल

माझं राहिलं.

खटपट्या

राहिलं नाही, ट्रेनमध्ये होतो.

तुमचा टीव्ही चित्रातला उजेड बघून बॅकलाइट कमी-जास्त करतो आहे. सिनेमासाठी बरं, ऑफिसच्या कामाला ताप. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन ही मंडळी एकेक बंद करा: एनर्जी सेव्हिंग, खोलीतल्या उजेडाचा सेन्सर, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, लोकल डिमिंग. नावं कंपनीगणिक बदलतात. विंडोजमध्ये एचडीआर चालू असेल तर तेही बंद करा.

मग इनपुटच्या यादीत त्या एचडीएमआयचं नाव किंवा चिन्ह बदलून "पीसी" करा. बऱ्याच टीव्हींत एवढ्यानेच गाडी वेगळ्या रुळावर जाते. हलत्या चित्रावरची प्रक्रिया बंद, माउसचा उशीर कमी, आणि अक्षरं एकदम रेखीव. टीव्ही एरवी रंगाची माहिती दोन-चार ठिपक्यांत मिळून एकदाच घेतो, त्यामुळे काळ्यावर लाल अक्षरं पुसट दिसतात. पीसी केलं की प्रत्येक ठिपक्याला त्याचा रंग मिळतो.

पडद्याच्या कडा कापल्या जात असतील, म्हणजे टास्कबार अर्धा बाहेर, तर पिक्चर साइझमध्ये "जस्ट स्कॅन" किंवा "स्क्रीन फिट" असं काहीतरी सापडेल, ते लावा.

मुलुंड_लोकल

एनर्जी सेव्हिंग "ऑटो"वर होतं. ते आणि सेन्सर बंद केल्यावर लगेच थांबलं. पीसी केल्यावर अक्षरं बघून टीव्ही नवा आणल्यासारखं वाटलं. धन्यवाद खटपट्या, ठाण्यापर्यंत जागा मिळो.

रविवारची_झोप

माझंही एक. लुकलुकताना दिसत नाही, पण रात्री ब्राइटनेस खूप कमी करून काम केलं की डोकं दुखतं.

खटपट्या

मोबाइलचा कॅमेरा स्लो-मोशनवर लावून टीव्हीचा पांढरा पडदा चित्रित करा. काळे पट्टे सरकताना दिसले तर बॅकलाइट चालू-बंद करून उजेड कमी केला जातोय. पुष्कळ टीव्हींत तसंच असतं. बॅकलाइट वर न्या, कॉन्ट्रास्ट खाली आणा, खोलीत एक दिवा लावा. डोकं तरीही दुखलं तर ते टीव्हीचं नाही, डॉक्टरांना दाखवा.

वर्सोव्याचा_वारा

समुद्रासमोर राहतो. माझा टीव्ही लॅपटॉपवर असो की सेट-टॉप बॉक्सवर, थोडा वेळ लुकलुकतो आणि काळा होतो. आवाज चालू राहतो. मेनूही दिसत नाही. केबल बदलून झाली.

सोल्डरिंग_काका

मेनूही जातो म्हणजे तुमचा टीव्हीच आजारी. काळा झाला की खोली अंधारी करून टॉर्च पडद्याला अगदी जवळून तिरका धरा. आत चित्राची पुसट सावली हलताना दिसली तर पॅनल जिवंत आहे, मागचे एलईडी किंवा त्यांचा सप्लाय गेला आहे. एलईडीच्या पट्ट्या बदलता येतात, पॅनल बदलण्याइतका खर्च नाही. फक्त मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज राहतं.

पट्ट्या बदलल्यावर बॅकलाइट शंभरावर ठेवू नका, एलईडी तापून लवकर मरतात. आणि समुद्राची खारी हवा बोर्डावर काय करते ते मी सांगायला नको, तुमच्या खिडकीच्या ग्रिल्स बघा. दुरुस्तीवाल्याला कनेक्टरही पुसून घ्यायला सांगा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने.

वर्सोव्याचा_वारा

टॉर्चमध्ये बातम्या देणारी बाई दिसली. म्हणजे एलईडी. रविवारी माणूस येतोय.

दादरकर

अपडेट. काकांनी सांगितल्याप्रमाणे केलं. ६० हर्ट्झ, बॅटरीवर, केबलवाल्याची पिन काढून, मिक्सरमध्ये सुकं खोबरं. चित्र गेलं नाही. चार्जर आणि केबलची पिन परत लावली, मिक्सर चालू, गेलं. अधूनमधून आपोआप येणारे पांढरे ठिपके मात्र बॅटरीवरही दिसले.

वायरमनला बोलावलं. टीव्हीमागचा सॉकेट उघडला तर वरच्या मोठ्या भोकाचा स्क्रू कोरा करकरीत, तारच नाही. लाल आणि काळी अशा दोनच तारा आल्या होत्या, हिरवीचा पत्ता नाही. बोर्डापर्यंत अर्थ आहे, तिथून पुढे कोणी नेलाच नाही. त्याने हिरवी तार ओढली, टेस्ट लॅम्प लावून दाखवला. आता तीन पिनांचा चार्जर लावल्यावर झिणझिण्या गायब.

केबलचं काय घेऊ?

तारतम्य

टेबलापासून टीव्हीपर्यंत सरळ मोजा आणि तेवढीच घ्या. दोन मीटर पुरेल. केबलच्या खोक्यावर "२.०", "२.१" असे आकडे छापलेले दिसतील, त्यांना भुलू नका. आवृत्तीचा आकडा केबलला नसतोच, केबलला वर्ग असतो. ४के ६० साठी "प्रीमियम हाय स्पीड" पुरतो, तो १८ गिगाबिटसाठी तपासलेला. "अल्ट्रा हाय स्पीड" ४८ पर्यंतचा. दोन्हींच्या खोक्यावर स्कॅन करता येणारं लेबल असतं, दुकानातच स्कॅन करा.

लॅमिंग्टन रोडला (ग्रँट रोड स्टेशनजवळचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) गेलात तर पहिल्या दुकानात घेऊ नका, आणि सोन्याचा मुलामा, नायलॉनची वेणी यासाठी जास्त पैसे देऊ नका. आतल्या तांब्याला वेणी दिसत नाही. पुढेमागे दहा मीटर लागली तर तांब्याची घेऊच नका, ऑप्टिकल घ्या. तिला दिशा असते, एक टोक लॅपटॉपचं, एक टीव्हीचं. उलटी लावली तर चित्रच येत नाही.

आणि टीव्हीवर एक बघून घ्या. सगळे एचडीएमआय पोर्ट सारखे नसतात, काहींत एखादाच पूर्ण वेगाचा असतो. शिवाय पूर्ण वेग सेटिंगमधून उघडावा लागतो. सॅमसंगमध्ये "इनपुट सिग्नल प्लस", एलजीत "एचडीएमआय डीप कलर", सोनीत "एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट". उलटही खरं: जुनी केबल काही दिवस चालवायचीच असेल तर हेच सेटिंग साधं ठेवा, टीव्ही कमी भाराचा सिग्नल मागेल. अक्षरं थोडी पुसट होतील, काळं होणं थांबेल.

दादरकर

ग्रँट रोडला उतरून दोन मीटरची प्रीमियम हाय स्पीड आणली, लेबल स्कॅन करून. दुकानदाराला ते आवडलं नाही. टीव्हीचा पोर्ट बदलला, सेटिंग उघडलं, नाव पीसी केलं. ६० हर्ट्झ. ठिपके नाहीत, काळं होणं नाही. कालच्या मीटिंगमध्ये मागे पुरणाचं वाटण चालू होतं, पडदा हलला नाही. माइक म्यूट ठेवावा लागला इतकंच.

एक बारकं राहिलं: ओटीटीवर सिनेमा सुरू करताना एकदा क्षणभर काळं होतं.

खटपट्या

ते होऊ द्या. कॉपी रोखणाऱ्या एचडीसीपीची लॅपटॉप आणि टीव्ही आपापसात ओळखपरेड करतात, किंवा ॲप रिफ्रेश रेट बदलतं. सुरुवातीला एकदाच होत असेल तर आजार नाही. सिनेमाच्या मध्ये होत राहिलं तर लिहा.

पेंग्विन_प्रेमी

जुन्या पाच मीटर केबलचं काय करणार? फेकणार असाल तर मला द्या, माझ्याकडे फुल एचडी प्रोजेक्टर आहे.

तारतम्य

फुल एचडीला ती आरामात चालेल. दादरकर, देऊन टाका.

दादरकर

शनिवारी संध्याकाळी दादर स्टेशनला, मधल्या पुलाखाली. केसिंग-पट्टीतून काढताना एक टोक जरा वाकलंय, लावून बघूनच न्या.